पापड कडक निघाला तर

छप्पन साली आम्हाला समुद्र मिळाला. कुणी मागितला नव्हता. आमचा बीदर जिल्हा हैदराबादच्या मुलखातून उचलून म्हैसूर राज्यात घातला आणि चहाच्या हॉटेलात एकजण म्हणाला, आता आपल्या राज्याला समुद्रबी हाय बरं का. सगळे हसले. आमच्याकडं उन्हाळ्यात एका घागरीसाठी बायका कुठवर चालत जायच्या, आणि हा म्हणतोय समुद्र. त्याच साली माझ्या बापानं बुद्धाचा धर्म घेतला. मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. या दोन्ही बदलांतून मला एवढंच कळलं, की इथून पुढं कुणापुढं मान खाली घालायची नाही. ती मी आजवर घातलेली नाही. बायको म्हणते, म्हणूनच तुम्हाला ठेचा लागतात.

शाळा माझी चौथीपर्यंत. पोहायला मात्र मी पक्का, पण विहिरीत शिकलेलो नाही. संतपूरकडच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी आम्हाला वरून ओतून मिळायचं, खाली वाकून ओंजळ धरायची. विहिरीत उतरायचा प्रश्नच नव्हता. पुढं बाप नौबादला दगडाच्या खदानीत कामाला लागला. बंद पडलेल्या खदानीत पावसाचं पाणी साठायचं, लाल, चहासारखं. त्यात मी पोहलो, बुड्या मारल्या. तिथं कुणाची मालकी नव्हती. दगडाला कशाची ना नसते.

नंतर एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहून काम शिकलो आणि नौबादलाच स्वतःचा स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक खोली, मागं काळ्या पडद्याची अंधारखोली आणि एक कॅमेरा. एकच. बारा फोटोंचा रोल बसायचा त्यात. फोटो धुवायचं काम बायकोकडं होतं आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तिच्यासमोर कधी म्हटलं नाही, इथं लिहितो. माझ्याकडं रंगवायचं काम. त्या काळी आमच्याकडं रंगीत रोल कोण वापरणार? काळ्या-पांढऱ्या फोटोवर मी बारीक कुंचल्यानं रंग भरायचो. नवरीचं लुगडं हिरवं, ओठ गुलाबी. लग्नाचे, बारशाचे, मेलेल्या माणसाचे, सगळे फोटो त्या एका कॅमेऱ्यानं काढले. घर त्याच्यावर चालायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. राज्याचं नाव बदलून तोवर कर्नाटक झालं होतं. गावातल्या एका बँकेत किनाऱ्याकडचा एक कारकून बदली होऊन आला होता. बीदरला बदली म्हणजे शिक्षा, असं तो तोंडावर म्हणायचा. ओळखपत्राच्या फोटोसाठी माझ्याकडं आला आणि भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोसमोर थांबला. आईच्या गळ्यात काळ्या मण्यांत एक पोवळं होतं. तेवढा एक लाल ठिपका मी मन लावून रंगवला होता. त्यानं विचारलं, हे काय असतं ठाऊक आहे का. मी म्हटलं पोवळं, दगड. तो म्हणाला दगड नव्हे, समुद्रात बारके जीव असतात, त्यांनी बांधलेलं घर आहे ते. मग सांगायला लागला. भटकळच्या पुढं समुद्रात एक बेट आहे. त्याच्या कडेनं पाण्याखाली अशाच जिवांनी बागच्या बाग बांधली आहे. हे असलं लाल नाही, पण बाकी सगळे रंग आहेत, आणि त्यात मासे पाखरांसारखे फिरतात. पाणी निवळलं की कोळ्यांना होडीतून दिसतं.

मी विचारलं, त्याचा फोटो कुणी काढलाय का? तो हसला. पाण्याखाली कोण काढणार? मी म्हटलं, मी काढतो.

"तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, पोहायला कुठलं?" तो म्हणाला.

हसतच म्हणाला, वाईट माणूस नव्हता. मी त्याला मान जरा वर करा म्हटलं, आणि बटण दाबताना मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी हॉटेलात सांगूनही टाकलं, की समुद्राच्या तळाचा फोटो आणून इथं भिंतीवर लावणार. आता माझ्यासारख्याचं एक असतं, चार माणसांत बोललो की मग मागं फिरता येत नाही. लोकांनी मला दुसऱ्या दिवसापासून नवं नाव ठेवलं, मासेवाला. दाढी करायला गेलो तर न्हावी विचारायचा, काय मासेवाले, समुद्र कुठवर आलाय?

बायकोला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. ती जेवायला वाढताना म्हणाली, "कॅमेरा पाण्यात घालायलाव म्हणं."

"डब्यात घालून घालणार."

"अन् डबा गळला तर?"

मी भाकरी कुस्करायला लागलो. ती म्हणाली, तुम्ही बुडालात तर पोहून वर याल, कॅमेऱ्याला पोहता येतंय का? हसण्यावारी म्हणाली, पण मला कळलं की ती हसत नाही. कॅमेरा गेला तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी परत खदानीत आणि ती कुणाच्या तरी शेतात. एवढी साधी गोष्ट होती. पण तिनं नको म्हटलं नाही. आमच्यात असंच होतं. ती नको म्हणत नसे, अट घालत असे.

माझ्या दुकानाशेजारी एका लिंगायत कारागिराचं पत्र्याचं आणि वेल्डिंगचं दुकान होतं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णा म्हणायचो. मूळ गाव कोहिनूर, तिथं शेत, आई शेतावर. घरात कन्नड, दुकानात मराठी, गिऱ्हाईक मुसलमान असलं तर दखनी, आणि शिव्या तिन्ही भाषांत. अण्णाला मी सगळं सांगितलं. तो बिडी पेटवून म्हणाला, पाणी आत शिरू नये असा डबा करायचा म्हणजे असा डबा शोधायचा की जो बंद राहावा म्हणूनच केलाय. दोघांनी खूप डबे बघितले. तुपाचे, बिस्किटाचे, दुधाची एक कासंडीसुद्धा. सगळ्यांची झाकणं ढिली. मग एक दिवस तो माझ्याकडं जेवायला आला, आणि चुलीवर आमचा कुकर होता.

नवीनच घेतलेला, गल्लीत पहिला. बायका बघायला आल्या होत्या. अण्णा ताट सोडून उठला आणि चुलीपुढं जाऊन बसला. म्हणाला, ह्याचं झाकण बाहेरून बसतंय, रबरावर. पाण्यानं बाहेरून दाबलं की ते अजून घट्ट बसंल. बायको त्याच्याकडं बघत होती, मग माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून, म्हणजे ताटात बघत, जेवत राहिलो. कुकर मागायची माझी हिंमत नव्हती. तिनंच भाजी काढून घेतली, कुकर घासला, पुसला आणि अण्णाच्या हातात दिला. "शिट्टी ठेवून जावा," म्हणाली, "तेवढी तरी घरात राहू द्या."

ते मी विसरलेलो नाही.

कुकराच्या बुडाला अण्णानं गोल भोक पाडलं, त्यावर दुकानाच्या काउंटरची जाड काच बसवली, नळवाले वापरतात तो सफेदा भरून वरून पितळी कडं स्क्रूनं आवळलं. शिट्टीच्या नळीतून सायकलच्या ब्रेकची वायर आत सोडली, तिच्याभोवती रबर आणि ग्रीस. वायर ओढली की आत बटण दाबलं जायचं. रोल पुढं सरकवायची सोय मात्र जमेना. म्हणजे एका बुडीत एकच फोटो. वर यायचं, कुकर पुसायचा, झाकण उघडायचं, रोल फिरवायचा, परत बंद करायचं, परत बुडी. अण्णा म्हणाला, बारा फोटोला बारा बुड्या, जमंल का? मी म्हटलं, तू दोरी धर. अण्णाला पोहता येत नव्हतं. गुडघ्यावर पाणी आलं की तो देवाचं नाव घ्यायचा.

आता बायकोची अट. तिनं एक उडदाचा पापड भाजला आणि कुकरात ठेवला. म्हणाली, "ह्यो खाली नेऊन आना. कडक निघाला तर कॅमेरा घाला. मऊ पडला तर घालायचा न्हाई. आन् प्रत्येक नव्या पाण्यात आधी पापड, मग कॅमेरा."

मी म्हटलं ठीक.

"असं न्हाई. सासूबाईच्या पोवळ्यावर हात ठिवून म्हना."

पोवळं आईच्या माघारी तिच्या गळ्यात होतं. मी हात ठेवला आणि शब्द दिला. आम्ही धर्म बदलला तेव्हा शपथा-बिपथा सोडल्या होत्या, पण शब्द सोडलेला नव्हता. आणि सांगतो, युक्ती नामी होती. पापडाइतकी ओल कुणाला कळत नाही. आमच्या कोरड्या हवेत भाजलेला पापड दोन दिवस उघडा राहिला तरी हातात घेतल्यावर कडकन मोडतो. पाण्याचा एक थेंब आत गेला असता तरी त्यानं सांगितलं असतं.

पहिल्यांदा खदानीत गेलो. पापड कडक निघाला. मग कॅमेरा घातला, बुडी मारली, फोटो काढला. बायकोनं धुतला आणि ओला कागद माझ्यापुढं धरला. नुसता करडा. काळोखसुद्धा धड नाही. खदानीचं पाणी गढूळ, त्यात काय दिसणार? समुद्रात काय दिसेल, किती लांबून काढायचं, उजेड किती धरायचा, हे निवळ पाण्याशिवाय कळणार नव्हतं. आणि निवळ, खोल पाणी म्हणजे विहीर.

अण्णा म्हणाला, आमच्या शेतात आहे की. पायऱ्यांची विहीर, तीन परस पाणी, तीन माणसं बुडतील एवढं, तळाचा खडा दिसंल. मग जरा थांबून म्हणाला, दुपारी ये, रानात कुणी नसतंय.

त्यानं कशासाठी म्हटलं ते त्यालाही कळलं आणि मलाही. मी म्हटलं, चोरासारखा उतरणार न्हाई. तो म्हणाला, अरे मला काय न्हाई रे, आईचं वय झालंय, चुलता तिथंच असतो, उगंच कशाला. मी म्हटलं, मग राहू दे. आणि राहिलं. दिवसामागून दिवस गेले. कुकर दुकानात टांगलेला. हॉटेलात मासेवाला, मासेवाला चाललेलं. बायकोचं वरण आता पातेल्यात शिजायचं आणि शिजायला वेळ लागायचा. तो वेळ ती माझ्याकडं बघून काढायची.

शेवटी एकदा म्हणाली, "त्या म्हातारीला तुम्ही इचारलं का?"

"मी कामून इचारू?"

"मग न्हाई म्हनली कोन? तुम्हीच तिच्या वतीनं न्हाई म्हनून बसलाव."

 दुसऱ्या दिवशी अण्णाला घेऊन पहिल्या बसनं बसवकल्याणला आणि तिथून कोहिनूरला गेलो. खांद्याला पिशवी, पिशवीत कुकर.

अण्णाची आई विहिरीच्या काठावर लिंबाखाली तूर पाखडत बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हात एकसारखे चाललेले. अण्णानं मला बस म्हटलं. मी बसलो नाही. कन्नडात आईला म्हणतात तसं म्हटलं, अव्वा, मला तुमच्या विहिरीत उतरायचंय. मी कोण हे तुमच्या लेकानं सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगतो. आणि सांगितलं, गावाचं नाव, बापाचं काम, जुनी जात, नवा धर्म, सगळं. अण्णा जमिनीकडं बघत होता.

तिनं सूप खाली ठेवलं. "ठावं हाय रे तम्मा," ती म्हणाली. आमच्याकडं कन्नड घरात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "माझ्या नातीच्या लग्नात तूच फोटो काढलास न्हवं? माझं तोंड काळं काढलास."

मी म्हटलं, अव्वा, तुम्ही मांडवाच्या खांबामागं उभ्या होतात.

"उतरून काय करणार?"

"तळाचा फोटो काढणार."

"तळाला काय हाय?"

"तेच बघायचंय."

तेवढ्यात अण्णाचा चुलता बांधावरून आला. त्यानं ऐकलं असावं. माझ्याकडं न बघता तो वहिनीला म्हणाला, की ह्यो उतरला तर सगळी हीर उपसावी लागंल. रागानं नाही, पेरणी-कापणीचं बोलावं तसं साधं बोलला. त्याच्या मते तो कामाची गोष्ट सांगत होता.

"उपस की," म्हातारी म्हणाली. "तुझ्या उसाला पानी पायजेच हाय. चार दिवस झाले मोटार चालू कर म्हनायली, तर तुला हात लावायला येळ न्हाई."

 अण्णाला हसू आवरेना, तो पाठ करून उभा राहिला. म्हातारी माझ्याकडं वळली. "मी नवरी हून आले तवापासून ह्या हिरीचं पानी प्यायलेय. तळ कदी बगितला न्हाई. दावशील मला?"

मी म्हटलं, दावतो.

मे महिन्याचे दिवस होते. सूर्य डोक्यावर आला की ऊन विहिरीत सरळ खाली उतरायचं आणि पाणी आतून पेटल्यासारखं दिसायचं. आधी पापड नेला. वर आणून मोडला, कडकन वाजला. अर्धा म्हातारीला दिला, तिनं तो खाल्ला आणि पुढचं बघायला पायरीवर येऊन बसली. मग कॅमेरा. पायऱ्या मी एकेक मोजत उतरलो. पाण्याला मी कधी भ्यालो नव्हतो, भय होतं ते पायरीचं. पाणी गार होतं. मी डोकं खाली घातलं. खदानीत डोळे उघडले की लाल अंधार; इथं मला माझे स्वतःचे हात दिसले, बोटंन् बोटं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याखाली स्वतःला बघितलं.

तळाला गेलो, वायर ओढली, वर आलो. परत. परत. चुलता बांधावर उभा राहून बघत होता. तिसऱ्या-चौथ्या बुडीनंतर त्यानंच विचारलं, खाली गाळ किती साचलाय?

रोल संपला तसा मी पायऱ्या चढून वर आलो आणि लांब उन्हात बसलो. म्हातारी उठली. तिनं दोरी सोडून त्याच विहिरीतून बादली काढली. तांब्या भरला, आधी आपण प्याली, मग तांब्या माझ्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. मी प्यालो.  चुलता मोटार चालू करायला गेला की उगाच गेला, मला माहीत नाही.

त्या रोलमधून आम्ही पुष्कळ शिकलो. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, आणि कॅमेऱ्यालाही तशीच दिसते. तेव्हा हातानं मोजायचं नाही, डोळ्याला वाटेल ते अंतर धरायचं. उजेड वरच्यापेक्षा दुप्पट धरायचा. बरेच फोटो पुसट होते, एक मात्र स्वच्छ आला. तळाचा खडक, एका बाजूला पडलेली शेवाळलेली पायरी, आणि तिच्या आडून मान काढलेलं कासव. म्हातारीला तो नेऊन दिला. ती खूप वेळ बघत राहिली. कासव तिच्या नवऱ्यानं सोडलं होतं, अण्णाच्या जन्माच्या आधी. ती म्हणाली, "जितंच हाय की."

मग आमची खरी तयारी लागली. कारकुनानं त्याच्या चुलतभावाला निरोप धाडला, त्याची होडी होती. कारकून आता थट्टा करत नव्हता. तो कागदावर बेट काढून दाखवायचा, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो ते सांगायचा. पावसाळा संपून पाणी निवळतं तेव्हा जा म्हणाला. मी रंगांचीही तयारी केली. फोटो काळा-पांढरा येणार, रंग मी नंतर भरणार, तर खाली दिसलेले रंग डोक्यात ठेवून वर आणायला हवे होते. मी अण्णाला म्हटलं, मी वर आलो की तुला रंग सांगीन, तू पाठ करून ठेव. त्यासाठी आपले ओळखीचे रंग ठरवले: हळदीचा, करडईच्या फुलाचा, पिकल्या जांभळाचा, शेणाचा. बायकोनं बारा पापड बांधून दिले, कच्चे. तिथं भाजून घ्या म्हणाली.

गुलबर्गा, हुबळी, मग घाट. बसमध्ये अण्णाला उलट्या झाल्या. मग समुद्र पहिल्यांदा दिसला. अण्णानं विचारलं, ह्याला पायऱ्या कुठं हायत?

सकाळी खोलीवर दोन पापड भाजले, एक कुकरात ठेवला, एक पिशवीत, रबराला ग्रीस लावत लावत किनाऱ्यावर आलो आणि होडीत बसल्यावर झाकण आवळलं. बेटाच्या आडोशाला पाणी शांत होतं, हिरवं. मी पापडाची बुडी मारली. कुकर धरून खाली गेलो, जरा थांबलो, वर आलो. अण्णानं पुसून उघडला. पापड काढला.

मोडला नाही. चामड्यासारखा वाकला.

परत केलं. झाकण काढून रबर उलटं केलं, ग्रीस बदललं, पिशवीतला दुसरा भाजलेला पापड घातला. तोही वाकला. आत पाणी नव्हतं, थेंब नव्हता, काच कोरडी होती, पण पापड मऊ. अण्णा म्हणाला, कुठंतरी दमट झिरपतंय, खारं पाणी बारीक असंल. मग म्हणाला, घाल तू कॅमेरा, एवढं लांब आलोय. होडीवाला म्हणाला, ऊन छान आहे, असं पाणी रोज मिळत नाही. मी खाली बघितलं. होडीतूनही दिसत होतं, खाली काहीतरी फुललेलं. हातभर अंतरावर असल्यासारखं.

मी म्हटलं, फिरवा होडी.

अण्णा चिडला. म्हणाला, बायकोला कोण सांगणार हाय? मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, तुझा शब्द आन् तुझं डोकं एकाच दगडाचं हाय. परत येईपर्यंत तो माझ्याकडं पाठ करून बसला. मला मात्र हॉटेलातले चेहरे दिसत होते, न्हाव्याचासुद्धा. पण त्याहून जास्त, कुकर घासून पुसून देणारे हात दिसत होते.

खोलीजवळ एक खानावळ होती, नवरा-बायको चालवायचे. दुपारी जेवायला बसलो. बाईनं भात वाढला, आमटी वाढली आणि चुलीवरून काढलेला पापड ताटात टाकला. मी काही खाईना. हात ताटात ठेवून बसलो होतो. अण्णाचं जेवण झालं तरी माझं तसंच. बाई आली आणि त्यांच्या कन्नडमध्ये, जी आमच्या कन्नडपेक्षा गोड असते आणि निम्मी समजते, म्हणाली, पापड आल्या आल्या खायचा असतो, आता गेला तो. बदलून देते.

मी ताटातला पापड उचलला. वाकला.

मी तिला विचारलं, हा मऊ कशानं झाला? ती माझ्याकडं येड्याकडं बघावं तशी बघायला लागली. म्हणाली, वाऱ्यानं. समुद्राचा वारा ओला असतो. इथं पापड बाहेर राहिला की मऊ पडतो, तुमच्याकडं पडत नाही?

अण्णा आणि मी एकमेकांकडं बघितलं. आम्ही दोघं कोरड्या मुलखाचे. हवाच ओली असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पापड भाजून उघड्या कुकरात ठेवून किनाऱ्यापर्यंत चालत गेलो होतो. समुद्रात जायच्या आधीच तो मऊ पडला होता. डब्याचा काही दोष नव्हता. अण्णा हसायला लागला, तो हसतच सुटला. ती बाईही हसली, कशाला ते न कळता.

दुसऱ्या सकाळी तिच्या चुलीशीच पापड भाजला, भाजल्या भाजल्या कुकरात टाकला, तिथंच चुलीच्या धगीत झाकण आवळलं. दुसरा एक भाजून होडीच्या फळीवर उघडा ठेवला, साक्षीदार म्हणून. बेटाशी गेलो. फळीवरचा पापड केव्हाच मऊ होऊन लोळत पडला होता. मी कुकर घेऊन खाली गेलो, जास्तच वेळ थांबलो, वर आलो. अण्णानं झाकण काढलं, पापड उचलला आणि माझ्या कानाशी नेऊन मोडला.

कडकन वाजला. कॅमेराही मी मग त्याच चुलीशी जाऊन बंद करून आणला, ओली हवा आत राहू नये म्हणून. होडीवाल्यानं पुन्हा किनाऱ्यावर जाऊन यायला कुरकुर केली नाही. पण एकदा बंद केलेल्या कुकरात फोटो एकच निघणार, आणि दर फोटोला किनाऱ्यावर जाणं शक्य नव्हतं. म्हणून कोरड्या फडक्याचा तंबू करून, त्याच्या आत अण्णानं दर बुडीनंतर रोल पुढं फिरवला. घामानं निथळत होता बिचारा.

खाली काय बघितलं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे, दरवेळी थोडं चुकतं. खडक फुलकोबीसारखे. त्यांच्या फटींतून हळदीच्या रंगाचे चपटे मासे, एका मागोमाग एक, शाळा सुटल्यासारखे. मोहोराच्या फांद्यांसारखं काही, त्यावर जांभळी टोकं. लाल कुठंच नव्हतं. मी प्रत्येक बुडीला वर येऊन श्वास घेता घेता सांगायचो, हळद, शेण, जांभूळ, आणि अण्णा ते पुटपुटत राहायचा, मंत्रासारखं. एका वेळी मी खाली नुसताच थांबलो, वायर ओढली नाही. कुणाची विहीर नव्हती ती. काठ नव्हता, काठावर कुणी नव्हतं. वर दोरी तेवढी अण्णाच्या हातात.

घरी आलो ते दुपारीच रोल घेऊन अंधारखोलीत. बायकोनं दार लावलं, काळोखात रोल धुतला, तो वाळल्यावर लाल दिवा लावला.  मी सांगितलं, पापड कडक होता. ती म्हणाली, माहीत हाय, नसता तर तुम्ही कॅमेरा घातलाच नसता.

पहिला कागद तिनं औषधात सोडला. आधी काही नाही, मग एक कड, मग खडकांच्या गाठी, मग मासे, एक, दोन, रांगच. ती ताटावर वाकली होती. गळ्यातलं पोवळं पुढं लोंबत होतं, ते तिनं हातानं मागं धरलं.

बराच वेळ बघून तिनं विचारलं, "हितं उतरायला कुनाला इचारावं लागलं?"

मी म्हटलं, "कुनालाच न्हाई."

तिनं कागद चिमट्यानं उचलला आणि शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या ताटात ठेवला. मी काढायला हात पुढं केला, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"राहू द्या," म्हणाली, "राहू द्या अजून जरा पाण्यात."